दिवस पहिला

फ्रेनीनं देवळाली कॅम्प सोडला तेव्हा
पियानो विकला, कुत्रा भाच्याला दिला,
आणि हॉर्लिक्सच्या बाटलीत
अर्धी वाटी आंबट लापशी माझ्या हातात ठेवली.
"दिंडोरीच्या काळ्या द्राक्षांवरनं मम्मानं धरलेलं," म्हणाली,
"छप्पन सालचं. माझ्याहून चार वर्षांनी लहान."
खोटं असेल. वर्षांच्या बाबतीत फ्रेनी उदार होती.

रोज लाकडी चमच्यानं ढवळायचं.
पाचव्या दिवशी मैदा, दूध, साखर,
दहाव्या दिवशी पुन्हा. मग चार वाटे:
एक भट्टीला, एक बाटलीत मागे,
दोन द्यायचे. द्यायचेच,
नाहीतर ते जिन्यापर्यंत येईल.

मी चौतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा मोजल्या.
एक कमी निघाली तर कुणी घरी जायचं नाही.
मोजलेलं वाढत नाही, हे बोटांना पाठ.
आणि हे ओट्यावर, फडक्याखाली,
आपलं आपण वर यायचं, झाकण उचलून धरायचं.
पहिले काही आठवडे
मला त्याचा जरा संशयच यायचा.

हेमलता बोरस्तेला दिलं, जेल रोडला.
मरियम तांबोळीला दिलं;
तिच्या हातचा गोड पाव सगळ्यांत हलका,
पिंपळगावचे बेदाणे तळाशी न बसणारा एकटीचाच.
आणि कुंदा पगारला.
ते भिशीच्या आधी.

भिशीचं सांगत नाही.
सात हजार होते. तिचं चुकलं,
मी जिन्यात मोठ्यानं बोलले तेही चुकलं.
दोन वर्षं भाजीबाजारात
एकमेकींना पाहिलं की आम्ही
गवारीचा भाव विचारायचो, गवारवाल्याला.

मग हा मे.
पारा खाली येईना, दुपारभर लाइट नाही.
एका सकाळी बाटलीत गुलाबी रेघ दिसली.
ह्यांना रंग आवडला.
मी बेसिनमध्ये ओतलं
आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिले.

हेमलताच्या सुनेनं फ्रिज आवरला होता:
"आई, त्या डब्यात काहीतरी सडलेलं."
मरियम लेकीच्या बाळंतपणाला मालेगावला,
परत आली तर वर काळी बुरशी.
पुण्याला फ्रेनीचा फोन मुलानं उचलला.
"मम्मा आता किचनमध्ये जात नाही."
उरलं कोण, ते मोजावं लागलं नाही.

द्वारकेवरून रिक्षानं सिडको.
बाटली पदराखाली,
उसनी साखर मागायला निघाल्यासारखी.
तिसऱ्या बेलला कुंदानं दार उघडलं.
केस रंगवायचे सोडलेत तिनं.
"ते... आहे का गं तुझ्याकडे?"
तिनं बाटली घेतली, हुंगली.
"साबणानं धुतलीस."
"हो."
"मरतं त्यानं. थांब."
आणि आत पातेल्यात पाणी सोडल्याचा आवाज.

चपला काढू की नको, मी तिथंच.
घरभर तो वास:
पिकल्या केळ्याचा, ताकाचा,
क्रेटच्या तळाशी चिरडलेल्या द्राक्षांचा,
थोडा फ्रेनीच्या बैठकीतला.

तिनं न विचारता पाव कापला.
कड करपलेली, आत वेलदोडा.
फ्रेनी जायफळ घालायची. मी बोलले नाही.
दुसरा काप मागितला.
"कुणी घेतच नाही आता," ती सुरी पुसत म्हणाली,
"दर दहा दिवसांनी अर्धं टाकून देते."
सात हजारांचं कुणीच काढलं नाही.
चहा तिनं बिनसाखरेचा दिला. मला आता साखर आहे,
हे तिला कुणी सांगितलं असेल?

परतताना उड्डाणपुलावर रिक्षा आदळली,
थोडं साडीवर आलं, चिकट, कोमट.
रिक्षावाला आरशातून म्हणाला, "मावशी, काय सांडलं?"
मला पटकन नाव सुचेना.
झाकणावर मार्करनं,
तिच्या त्या उभ्या, फाटक्या अक्षरात:
दिवस १. घट्ट लावू नको.